उकळलेल्या तारा

बाटली आयुष्यात दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाव ऐकून लोकांचे भलते समज होतात. थंड पेयांच्या कारखान्यात तो एकोणतीस वर्षं बाटल्या तपासत होता, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की सख्ख्या बहिणीच्या तोंडूनही एकदोनदा निसटलं.

काम सरळ होतं. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागे एक येतात, मागे पांढऱ्या उजेडाची पाटी असते. स्टुलावर बसलेल्या माणसाने टवका उडालेली, तडा गेलेली बाटली उचलून बाजूच्या पेटीत टाकायची. बाकीचे हे काम डोळ्यांनी करायचे, बाटली कानांनी करायचा. पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना आपटत येतात. चांगली 'टिण' म्हणते, तडकलेली 'ठस'. तरुणपणी तो पट्ट्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि नेमक्या वेळी "ही!" म्हणून ओरडायचा. नवीन लागलेल्या माणसांना हा खेळ दाखवायला सुपरवायझर स्वतः घेऊन येई. कारखान्याने सगळ्यांना कान झाकायची जाड झाकणं दिली होती. बाटलीची झाकणं पहिल्या दिवसापासून खुंटीवर होती. "कान झाकले तर बाटली काय नाकाने ऐकू?" असं तो विचारायचा आणि आपल्याच विनोदावर हसायचा.

पाचला कारखाना सुटला की सव्वापाचला घर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत ओटा, टेबल आणि आईचा पलंग. आई जाऊन तीन वर्षं झाली होती तरी पलंग तसाच होता, कारण हलवायला दोन माणसं लागली असती. मागच्या खोलीत त्याची गादी, बेस गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प. हात धुवायचे, पाणी प्यायचं आणि अॅम्प लावायचा. यात सुट्टीच्या दिवशीही बदल नसे.

बाटली हेवी मेटल वाजवायचा. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की त्यात गिटारवाला ओरडत असतो, गाणारा त्याच्या वरताण ओरडत असतो, ड्रमवाला दोघांवर भडकलेला असतो, आणि या तिघांच्या पायाखालची जमीन धरून ठेवायचं काम बेसचं. बाटलीला नुसती जमीन धरायची नव्हती. त्याला एक टोन हवा होता: खाली धाड, वर खट, आणि मधे काही नाही. तार ओढायची नाही, आपटायची. ती गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आदळली पाहिजे आणि ते आदळणं सुरासकट ऐकू आलं पाहिजे. अॅम्पवर त्यासाठी तीन बटणं असतात. बेस म्हणजे खालचा आवाज चढवायचा, ट्रेबल म्हणजे वरचा, तोही चढवायचा आणि मधल्या आवाजाचं बटण खाली पाडून टाकायचं. "मधे नुसता चिखल असतो," असं त्याचं मत होतं. बाविसाव्या वर्षी हा टोन त्याला सापडला. तेव्हा तिघांचा बँड होता. ड्रमवर ढोल्या, जो तेव्हाही जाडच होता. गिटार आणि गळा फाडायला एक दातांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी. आणि बेसवर हा. गावातल्या जुन्या हॉलमध्ये ते चार वर्षं वाजले. मग ढोल्याने बापाचं गाद्यांचं दुकान घेतलं, दातवाला परगावी शिकायला गेला, दोघांची लग्नं झाली. बाटली आपल्या टोनपाशी राहिला.

त्या टोनचा जीव तारांमध्ये असतो. बेसच्या तारा जाड, वेटोळ्यांच्या. बोटांचा घाम आणि मळ त्या वेटोळ्यांत बसला की खट जातं आणि भद्द उरतं. त्यावर बेसवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: तारा काढून गुंडाळायच्या आणि पातेल्यात पंधरा मिनिटं उकळायच्या. मळ पाण्यात उतरतो, तार पुन्हा बोलायला लागते. मग बेसवाले म्हणतात, तार आली. बाटली दर रविवारी सकाळी आईच्या दुधाच्या पातेल्यात तारा उकळायचा. आई होती तेव्हा पलंगावरून विचारायची, "मीठ घातलंस का रे?" तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे मुलाच्या संगीताबद्दल तिचं काहीच वाईट मत नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत मात्र ही युक्ती चालेनाशी झाली. पंधरा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. पाणी गढूळ व्हायचं, तारा चकचकीत दिसायच्या, पण लावून पाहिल्या की भद्द. त्याने नव्या कोऱ्या तारा आणल्या, त्याही मेलेल्या. कंपन्या आता तार नीट गुंडाळत नाहीत, असा त्याने निष्कर्ष काढला. तारा पट्ट्यांच्या आणखी जवळ आणल्या. ट्रेबलचं बटण दर महिन्याला केसभर पुढे सरकत सरकत शेवटाला टेकलं. कारखान्यातही त्याची हीच तक्रार होती: काच पूर्वीची राहिली नाही, तडकलेली बाटलीसुद्धा हल्ली नीट वाजत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हणायला घरात होतं कोण?

माणसांबद्दलही त्याचं एक मत बनलं होतं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. दुकानदार, बसमधला कंडक्टर, सगळे. दर रविवारी फोन करणारी ताईसुद्धा. किती वेळा "काय?" विचारणार? म्हणून त्याने सवय लावून घेतली होती, वाक्य संपल्यासारखं वाटलं की म्हणायचं, "हो हो, बरं." यावर जग बऱ्यापैकी चालतं. फक्त एकदा ताईने फोनवर विचारलं होतं, आईचं शिलाई मशीन देऊन टाकू का. हा म्हणाला, "हो हो, बरं." ताईकडे घराची किल्ली होती. तो कामावर असताना ती माणूस घेऊन आली आणि मशीन घेऊन गेली. बाटली दोन दिवस चोर शोधत होता. मग खरं कळलं. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या, त्यांच्यावर तो कधी पाय देत नसे.

अशात एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी ढोल्या उभा. पंचवीस वर्षांत लग्नाकार्यात दिसला असेल तेवढाच.

"हॉल पाडतायत," ढोल्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यापासून मोठा होता, त्यामुळे बाटलीला सगळं ऐकू आलं. "पाडायच्या आधी जुन्या सगळ्या बँडना बोलावलंय. आपल्याला वीस मिनिटं. दातवाला तयार आहे. तुझ्याकडे बेस आहे का अजून, का विकलास?"

रोज संध्याकाळी, नऊ हजार संध्याकाळी, बाटली याच प्रश्नाची तयारी करत होता, आणि आता तोंडातून फक्त "आहे" एवढंच निघालं. घरी जाताना तो एक बसथांबा पुढे गेला.

तालमी ढोल्याच्या गोदामात. चारही भिंतींना गाद्या रचलेल्या, मधे ड्रम. दातवाला आता टक्कल पडलेला, सोनेरी चष्म्याचा प्रतिष्ठित माणूस होता. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणायचं आणि संध्याकाळी स्वतः आ करायचा, यात त्याला मोठं समाधान वाटत होतं. तिघांनी पहिलं गाणं सुरू केलं. बाटली डोळे मिटून वाजवत होता. बोटं एकही सूर विसरली नव्हती. गाणं संपलं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि दोघंही त्याच्या अॅम्पकडे बघताना दिसले.

"ट्रेबल जरा कमी करतोस?" दातवाला म्हणाला.

"काय?"

"ट्रेबल!"

"गाद्या आवाज पितात इथे. एवढा लागतोच."

ढोल्याने दातवाल्याकडे पाहिलं, दातवाल्याने ढोल्याकडे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघांपैकी कुणी पुढे येईना. दुसरी तालीम तशीच गेली. तिसऱ्या तालमीत दातवाल्याने मधेच गिटार थांबवली.

"हे बघ, मी दिवसभर दवाखान्यात ड्रिल ऐकतो. संध्याकाळी तेच ऐकायला नाही येत. तुझं नुसतं किर्रर्र ऐकू येतंय, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. खालचं काहीच पोचत नाही."

हे बाटलीला बरोब्बर ऐकू आलं.

"पंचवीस वर्षं तू दात उपटलेस," तो म्हणाला. "मी रोज वाजवलंय. रोज. टोन मला नको शिकवूस."

"मग रोज एकट्यानेच वाजव. आमच्या दवाखान्यातल्या नर्सचा भाऊ बेस वाजवतो. त्याला विचारतो मी."

बाटलीने वायर उपटली, गिटार पिशवीत घातली आणि निघाला. कार्यक्रमाला बारा दिवस होते. त्या आठवड्यात त्याने अॅम्प लावला नाही. सव्वापाचला येऊन तो आईच्या पलंगावर बसायचा. दुसरा बेसवाला मिळाला की संपलं, हे त्याला कळत होतं. पुन्हा कुणी फाटकाशी येऊन उभं राहणार नव्हतं. पण माफी कशाची मागायची? टोन बरोबर होता. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

रविवारी सकाळी तारा उकळत ठेवल्या होत्या आणि ढोल्या आला. बेल दोनदा वाजवून शेवटी त्याने दारावर थापा मारल्या. तीन जिने चढून त्याचा भाता झाला होता. तो पलंगावर टेकला, पातेल्यात डोकावला.

"अजून उकळतोस?"

"तारा हल्ली येतच नाहीत. चाळीस मिनिटं झाली."

ढोल्या काहीतरी समजुतीचं बोलायची तयारी करून आला होता. त्याने तोंड उघडलं, थांबला, आणि वर बघितलं.

"हे काय वाजतंय?"

"पाणी."

"पाणी नाही रे. टीं. ते बघ, परत."

बाटलीने कान टवकारले. काही नव्हतं. ढोल्या उठला, स्टूल ओढलं आणि त्या बिचाऱ्या स्टुलाची पर्वा न करता वर चढला. ओट्याच्या वर भिंतीला एक पांढरी डबी होती. गॅस गळला तर ओरडणारी. आईच्या आजारपणात ताईने बसवून दिली होती. बॅटरी संपत आली की अशी डबी मिनिटाला एकदा वाजते. ढोल्याने ती काढून खाली आणली आणि बाटलीच्या हातात दिली. बाटलीने ती कानाला लावली. डबीवरचा लाल दिवा लुकलुकला. ढोल्याने डोळे बारीक केले, कारण आवाज त्याला टोचला होता. बाटलीला काहीच ऐकू आलं नाही. दिवा पुन्हा लुकलुकला. त्याने डबी दुसऱ्या कानाला लावली.

"वाजली?" त्याने विचारलं.

ढोल्याने मान हलवली. वाजली होती.

पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. बाटलीला आधी शिलाई मशीन आठवलं. मग कंडक्टर, मग ट्रेबलचं बटण. मग कारखाना आठवला तेव्हा त्याने डबी टेबलावर ठेवली. गेल्या वर्षी सुपरवायझरने पट्ट्याच्या टोकाला, त्याच्या पुढे, आणखी एक माणूस बसवला होता. नवीन पद्धत आहे, असं सांगितलं होतं. त्या माणसाची पेटी संध्याकाळी कधी रिकामी नसायची.

"कधीपासून वाजत असेल रे ही?" तो म्हणाला.

"असेल दोनचार महिने."

दोनचार महिन्यांत या खोलीत दुसरं कुणी आलंच नव्हतं. आलं असतं तर सांगितलं असतं. ताई उन्हाळ्यात येऊन गेली, त्यानंतर आज ढोल्या. याचं त्याला जेवढं वाईट वाटलं तेवढं कानांचंही वाटलं नाही.

"नर्सच्या भावाला घ्या," तो म्हणाला.

"घेतला होता परवा," ढोल्या म्हणाला. "गोंजारतो. आपटत नाही. तुझी बोटं आपटतात. बोटांना काय झालंय का? नाही ना? मग बटणं आम्ही लावतो, तू आपट."

दातवाल्याने त्याला आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरबाईकडे धाडलं. तिने काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावर एक रेघ काढून दिली. रेघ डावीकडून बरी चालत येत होती आणि मग घसरगुंडीवरून पडावी तशी पडली होती. "बारीक आवाज गेलेत. ते परत येत नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "कारखाना आणि तुमची गिटार, दोघांनी मिळून केलंय. बोलणं ऐकायला यंत्र बसवू. पण आधी आहे ते जपा. कान झाका." बाटलीने दुसऱ्या दिवशी कारखान्यात खुंटीवरची झाकणं काढली. त्यांच्यावर एकोणतीस वर्षांची धूळ होती. सुपरवायझर लांबून बघत होता.

गोदामात दोघांनी त्याचा अॅम्प लावला. बाटली एकच तार आपटत राहिला आणि ते बटणं फिरवत राहिले. ट्रेबल शेवटापासून मागे, आणखी मागे, निम्म्याच्या थोडा वर येऊन थांबला. बेस चढलेला होता तो तसाच. मधलं बटण बाटलीने तळाशी नेऊन ठेवलं होतं, ते दातवाल्याने चिमूटभर वर आणलं.

"मधे चिखल असतो," बाटली म्हणाला.

"एकट्याने वाजवताना असतो. तिघांत थोडा लागतो, नाहीतर तू बुडतोस."

मग दातवाल्याने बॅगेतून दात भरायचा मसाला काढला. प्रत्येक बटणाशी, अॅम्पच्या अंगावर, एकेक पांढरा ठिपका दिला आणि निळ्या दिव्याने तो कडक केला. "आता हे तुझ्या दाढेपेक्षा जास्त टिकेल," तो म्हणाला. दोघं खूष होते. ढोल्या ड्रमच्या काठ्या आपटत ओरडला, "हाच! हाच होता!" बाटलीने पुन्हा वाजवलं. त्याला आपली गिटार रचलेल्या गाद्यांच्या खालून कुणीतरी वाजवावी तशी ऐकू येत होती. तो हसला, कारण ते दोघं हसत होते.

हॉलमध्ये तिसरा नंबर त्यांचा. माणसं होती दीडेकशे, बरीचशी पोट सुटलेली. बाटलीने कानात बोळे घातले. पहिल्या गाण्यात धाड त्याच्या बुटांच्या तळव्यातून वर आली, गुडघ्यापर्यंत. खट कुठेच नव्हतं. ते फक्त बोटांच्या टोकांना लागत होतं, तार धातूवर आदळायची तेवढं. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध त्याला वाटलं आपण वाजतच नाही आहोत. सगळे आपल्याशिवाय वाजवतायत. त्याचा हात आपोआप ट्रेबलच्या बटणाकडे गेला. केसभर फिरवलं असतं तरी त्याला स्वतःला काहीतरी ऐकू आलं असतं. बटणाशी पांढरा ठिपका होता. त्याने हात मागे घेतला आणि ढोल्याच्या खांद्यांकडे बघत शेवटपर्यंत वाजवलं.

सामान उतरवताना आवाजाचं टेबल सांभाळणारी बाई त्याच्याजवळ आली. चाळिशीची, गळ्यात हेडफोन. मागे पुढचा बँड सुरू झाला होता. ती बरंच काही बोलली, हात हलवून, हसून. बाटलीने तिचं वाक्य संपू दिलं आणि म्हणाला, "हो हो, बरं." ती जराशी थांबली, मान हलवली आणि निघून गेली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ढोल्याने त्याला धरलं. "अरे, असं काय बोललास तिला?"

"काय बोललो?"

"ती विचारत होती हा टोन कसा काढता. म्हणाली, वर खट, खाली धाड, मधे मोकळं. वीस वर्षं लोक तिच्याकडे येऊन हाच मागतायत, आज पहिल्यांदा ऐकला. शिकवाल का म्हणाली. आणि तू हो हो, बरं?"

बाटली फुटपाथवर उभा राहिला. पंचवीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते दोन फुटांवरून येऊन गेलं होतं. सबंध हॉलने तो टोन ऐकला होता, एका माणसाला सोडून. त्याने गिटारची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला. ढोल्याने हाक मारली असेल, पण ती मागून होती.

पुढच्या रविवारी त्याने तारा काढल्या, पातेल्यात घातल्या. पंधरा मिनिटं, जास्त नाही. पुसून, सुकवून लावल्या. अॅम्प लावला. बटणं ठिपक्यांवर होती. खोलीत तो एकटाच होता, ट्रेबल शेवटाला नेला असता तरी विचारणारं कोण होतं? त्याने नेला नाही. तार आपटली. भद्द. पुन्हा आपटली. तारा आल्या होत्या की नव्हत्या, हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता.

त्याने फोन उचलला. आयुष्यात कुणाला घरी ये म्हणायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे वाक्य जुळवायला वेळ लागला.

"तारा उकळल्यात," तो म्हणाला. "आल्यात का ते ऐकायला कुणीतरी पाहिजे."

पलीकडून ढोल्या काहीतरी बोलला. दुकानात असावा, मागे गलका होता.

"हो हो, ब..." बाटली म्हणाला आणि थांबला. कान फोनवर दाबला. "परत सांग. मला ऐकू आलं नाही."

ढोल्या एवढ्याने ओरडला, की त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा वळली असतील. "म्हटलं, निघालोय! दाराची कडी काढून ठेव! बेल तुला ऐकू येत नाही!"

बाटलीने कडी काढली, दार सताड उघडलं, आणि स्टूल दाराकडे तोंड करून ठेवून बसला.